लॉर्ड ऑफ द रिंग्जचं संगीत: धून कुठे वाजते आणि कुठे अडवून धरलीये

पेटीचा_भाता

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, निमित्त लेकीने दिलं. गेल्या रविवारी ती पेटीवर काहीतरी चाचपडत बसली होती, सा रे ग प ग रे सा, परत परत तेच. मी आतून ओरडून विचारलं भूप काढतेयस का गं, तर म्हणाली नाही आई, हे शायर आहे. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधलं हॉबिटांचं, त्या बुटक्या लोकांचं गाव! बाहेर येऊन ऐकलं तर खरंच की, या सिनेमांचा संगीतकार हॉवर्ड शोअरची ती शायरची धून, सिनेमात टिन व्हिसलवर आणि फिडलवर वाजते ती. पहिली ओळ अगदी भूपाची. दुसऱ्या ओळीत ग प ध सां नि प ग म ग रे असं जातं, म्हणजे नि आला, म आला, तिथे भूप मोडतो. पण पहिल्या ओळीचा तो साधेपणा, शाळेत शिकवतात तसला, तो काही योगायोगाने आलेला नाही असं मला ठाम वाटतं. ज्या लोकांना गाव सोडून कुठेही जायचं नाहीये त्यांची धून पेटी शिकणाऱ्या पोरीलाही काढता आली पाहिजे.

त्या रात्री आम्ही दोघी तिन्ही सिनेमे परत बघायला बसलो (एका रात्रीत नाही, चार रात्री लागल्या) आणि या वेळी मी ठरवून फक्त संगीताकडे कान ठेवला. मला जे सांगायचंय ते एवढंच की यात धुना नुसत्या "लावलेल्या" नाहीयेत. हिरो आला की हिरोची धून, व्हिलन आला की व्हिलनची, असं आपण नेहमी ऐकतो. इथे शोअर धून देतो, मग ती मोडतो, मग अडवून धरतो, आणि आपण नकळत तिची वाट बघत बसतो. तुम्हाला कुठला सीन आठवतो असा? मला एक सगळ्यात जास्त आठवतो पण तो शेवटी लिहीन, आधी तुमचं ऐकू दे.

मंद्रसप्तक

मस्त धागा! थोडी माहिती घालतो. २००१, २००२, २००३ असे तीन सिनेमे, पीटर जॅक्सन दिग्दर्शक, आणि शोअर जवळजवळ चार वर्षं याच कामात होता. तोपर्यंत त्याचं नाव व्हायचं ते वेगळ्याच जातीच्या सिनेमांसाठी, दिग्दर्शक क्रोननबर्गचा द फ्लाय, नंतर सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज, म्हणजे भीती आणि अस्वस्थपणा हा त्याचा प्रांत. परीकथेसारख्या गोष्टीसाठी असा माणूस घेणं हे तेव्हा विचित्र वाटलं असणार, पण मूळ कादंबरीकार टॉल्किनच्या गोष्टीत भीती केवढी आहे हे पाहिलं की निवड बरोबर वाटते. वाजवलं मुख्यतः लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने. डग अ‍ॅडम्स नावाच्या संगीत-लेखकाने या तिन्ही सिनेमांच्या संगीतावर आख्खं पुस्तक लिहिलंय, २०१० मध्ये आलं, त्यात नव्वदच्या आसपास वेगवेगळ्या धुना एकेक करून दाखवल्यात. पूर्ण रेकॉर्डिंग नंतर तीन संचांत निघालं, सगळं मिळून दहाएक तास भरतं.

ही पद्धत अर्थात जुनी आहे. वाग्नरने बायरॉइटला १८७६ साली चार ऑपेरांची जी मालिका पहिल्यांदा सलग केली, तीही एका अंगठीचीच गोष्ट, तिथे माणूस, तलवार, शाप, प्रत्येकाला आपापली सुरावट होती आणि त्या एकमेकींत मिसळत जातात. पुढे हॉलिवुडने हे उचललं, १९७७ ला स्टार वॉर्समध्ये जॉन विल्यम्सने ते पुन्हा घराघरात नेलं. पण भाता ताई म्हणतात ते खरंय, बहुतेक ठिकाणी धून म्हणजे पात्राची पाटी. शोअरकडे ती पात्राची कमी आणि संस्कृतीची जास्त आहे. रोहन या घोडेस्वारांच्या राज्याचा आवाज वेगळा, गॉन्डोर या माणसांच्या दुसऱ्या राज्याचा वेगळा, एल्फ म्हणजे अमर लोक, त्यांचे तर दोन गावांचे दोन वेगळे.

माझा सीन: रोहनचा झेंडा. दुसऱ्या सिनेमात, टू टॉवर्समध्ये, रोहनच्या राजाची भाची एओविन राजवाड्याबाहेर उभी आहे, वाऱ्याने काठीवरचा झेंडा फाटून उडतो आणि खाली वेशीतून आत येणाऱ्या, गॉन्डोरच्या गादीचा वारस असलेल्या अ‍ॅरागॉर्नच्या पायाशी येऊन पडतो. तिथे रोहनची धून एका एकट्या फिडलवर वाजते. ते साधं व्हायोलिन नाही, नॉर्वेचं हार्डांगर फिडल आहे, त्याला वाजवायच्या तारांच्या खाली अजून तारा असतात ज्या नुसत्या गुंजतात. आपल्या सारंगीच्या तरफाच झाल्या की या. म्हणून तो आवाज असा येतो, एक माणूस वाजवतोय आणि मागे रिकाम्या दिवाणखान्यात कोणीतरी गुणगुणतंय. राजा आजारी, राज्य खिळखिळं, म्हणून धूनही एवढीशीच. तीच धून तिसऱ्या सिनेमात पेलेनोरच्या मैदानावर घोडदळ सुटतं तेव्हा सगळ्या ब्रासवर, म्हणजे पितळी फुंकवाद्यांवर, येते, आणि त्या एवढ्या गदारोळाच्या वर परत ते फिडल! झेंड्याच्या वेळचं तेच फिडल. मला दर वेळी तिथे घशात आवंढा येतो.

प्रश्नचिन्ह

माझं मत थोडं वेगळं आहे, कोणी रागावू नका. मला बऱ्याचदा असं वाटतं की हे ऑर्केस्ट्राचं संगीत आपल्याला सांगतं की आता रडा, आता छाती फुगवा. सीनमध्ये दम असेल तर इतकं का लागावं? रोहनची घोडेस्वारी संगीत बंद करून बघा, तरी अंगावर येते. धून लक्षात राहते हे मान्य पण ती लक्षात राहते कारण पन्नास वेळा वाजवलीये.

कीर्तनवेडी

पन्नास वेळा वाजवली म्हणून लक्षात राहते हे खरंय पण तेवढंच नाही हो. मी लहानपणापासून नारदीय कीर्तन ऐकत आलेय, आजोळी देवळात उत्सवाला सात दिवस असायचं. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. मग उत्तररंगात आख्यान, एखाद्या भक्ताची गोष्ट, तासभर चालते, आणि गोष्ट अगदी शिगेला पोचली की बुवा परत त्याच मूळ अभंगावर येतात. शब्द तेच, चाल तीच. पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो नुसता अभंग होता आणि आता त्यात त्या भक्ताचं सगळं आयुष्य येऊन बसलेलं असतं. आजी तिथेच डोळ्याला पदर लावायची, सुरुवातीला कधीच नाही. आता सांगा, बुवांनी तिला रडायला सांगितलं का? तिने जे तासभर ऐकलं त्याने रडवलं, अभंगाने फक्त दार उघडलं.

शायरची धून अशीच आहे. पहिल्या अर्ध्या तासात ती नुसती गोड आहे, हिरवळ, मेजवानी, फटाके. तिसऱ्या सिनेमात माउंट डूम या ज्वालामुखीच्या उतारावर, दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला हॉबिट फ्रोडो पडलेला आहे, त्याला काही आठवत नाही, आणि त्याचा सोबती सॅम त्याला विचारतो शायर आठवतं का, वसंत ऋतू येईल, स्ट्रॉबेरीची चव आठवते का. तिथे तीच धून एकट्या फ्लूटवर, हळू, जवळजवळ थांबत थांबत. गावाचं नुसतं नाव राहिलंय तसं धुनेचंही नुसतं हाड राहिलंय. ही धून आधी ऐकलेली नसती तर तो सीन चांगलाच वाटला असता, पण त्यात गाव नसतं दिसलं.

प्रश्नचिन्ह

कीर्तनाचं उदाहरण पटलं, खरंच. असा विचार केला नव्हता. माउंट डूमचा सीन आज परत बघतो.

दाया_बाया

तबलेवाला आहे म्हणून फक्त ठेक्याबद्दल बोलतो. आयझेनगार्डची धून, दुष्ट जादूगार सारुमानचा तो कारखाना, झाडं तोडून भट्ट्यांत घालतायत, ऑर्क म्हणजे राक्षसी सैनिक बनवतायत, ती पाच मात्रांत आहे. नुसती ऐकताना लोकांना जाणवत नाही, फक्त अस्वस्थ वाटतं. टाळी देऊन बघा, एक दोन तीन चार पाच, एक दोन तीन चार पाच. आता हेच चालत चालत करा. पहिली सम डाव्या पायावर आली तर पुढची उजव्यावर येते, परत डाव्यावर. माणसाला दोन पाय, त्यामुळे पाचावर कधी सरळ कवायत होतच नाही. म्हणजे ऐकायला ती फौजेची चाल आहे आणि पावलं टाकायला गेलं की दर आवर्तनाला पाय बदलतो. आपल्याकडे झपताल आहे दहाचा, त्यात दोन-तीन दोन-तीन अशी छान झुलती चाल मिळते, तिथे पाच म्हणजे लालित्य. इथे त्याच पाचाला ऐरणी, लोखंडाचे पत्रे, मोठे ढोल लावलेत आणि लालित्याचा मागमूस नाही. मी क्लासमधल्या मुलांना हे एकदा ऐकवलं होतं, एकाने लगेच विचारलं सर ही मशीन आहे का. मुलाला गोष्ट माहीतच नव्हती!

आणि या यंत्राच्या विरुद्ध काय ठेवलंय बघा. टॉवरच्या टोकावर चांगला जादूगार गॅन्डाल्फ कैदेत आहे, त्याच्याकडे एक पतंग, म्हणजे तो किडा, उडत येतो, तिथे एका लहान मुलाचा एकटा आवाज. निसर्गाची धून. पुढच्या सिनेमात एन्ट, म्हणजे ती झाडं, आयझेनगार्डवर चालून जातात तेव्हा परत मुलाचा आवाज आणि मागे मोठा कोरस. लोखंडाला उत्तर लोखंडाने दिलेलं नाही.

सातासमुद्रापार

मी लंडनला असते, इथे हा सिनेमा पडद्यावर आणि खाली सगळा ऑर्केस्ट्रा आणि कोरस प्रत्यक्ष वाजवतोय असा कार्यक्रम पाहिलाय. तिथे पहिल्यांदा एक गोष्ट डोळ्यांनी दिसली जी कानांना घरी कधी कळली नव्हती. मोरियाच्या, म्हणजे ड्वार्फांच्या जुन्या खाणीतल्या, पुलावर पुरुषांचा कोरस अक्षरशः हुंकारतो, ड्वार्फांच्या भाषेत गातात ते, खोल छातीतून, आणि गॅन्डाल्फ पडतो, सगळे बाहेर खडकांवर येतात, तेव्हा एवढे मोठे सगळे वादक हळूहळू शांत होतात आणि फक्त एक गाणारी उभी राहते. तलवारींचे आवाज नाहीत, रडण्याचेही फार नाहीत. आजूबाजूचे शंभरएक लोक वाद्यं मांडीवर घेऊन बसलेत आणि ती एकटी गातेय. प्रश्नचिन्ह, तुम्ही म्हणता ना संगीत सांगतं काय वाटून घ्यायचं, मला तर तिथे उलट वाटलं, संगीताने सगळं बाजूला काढून जागा करून दिली.

कोरसच्या शब्दांबद्दलही सांगायचंय. ते उगाच आ-आ नाही, टॉल्किनने बनवलेल्या भाषांतलं खरं काव्य आहे, ते भाषांतर करायला जाणकार बसवला होता. बोरोमिर, फ्रोडोसोबत निघालेला गॉन्डोरचा योद्धा, बाण लागून लढतोय तिथे जे गातात त्याचा अर्थ मी नंतर वाचला. तलवारीची धार मला प्रिय नाही, ती ज्याचं रक्षण करते ते प्रिय आहे, अशा अर्थाचं आहे ते. आणि पुस्तकात हे कोण म्हणतं? बोरोमिरचा धाकटा भाऊ फारामिर, जो या सिनेमात अजून आलेलाही नाही. मोठा भाऊ मरतोय आणि धाकट्याचे शब्द, एल्फांच्या भाषेत, कोणालाही न कळणारे. थिएटरमधल्या हजारात एकाला कळेल की नाही माहीत नाही, तरी त्यांनी ते केलं. मला या कामाबद्दल जो आदर आहे तो अशा गोष्टींमुळे.

कोमल_रिषभ

वाद्यांवर चर्चा निघालीये म्हणून एक खुपणारी गोष्ट लिहितो. मला हे संगीत अतिशय आवडतं, आधीच सांगतो. पण मॉर्डोर, म्हणजे अंधाराचा देश, तिथे जे कर्कश फुंकवाद्य वाजतं ते उत्तर आफ्रिकेचं राइटा आहे. सनईच्या कुळातलं. आपल्या दारात लग्नाला जे वाद्य पहिलं वाजतं, देवळाच्या नगारखान्यात पहाटे वाजतं, त्याचं हे भावंड. आणि इथे ते दुष्टाचा आवाज झालंय. अंगठीच्या मोहाने बिघडलेल्या गॉलमला सिंबालोम दिलंय, हंगेरीचं, काठ्यांनी तारा छेडतात, संतूरच्या घराण्यातलं. चांगली माणसं मात्र फिडल, हॉर्न, व्हिसल, सगळी युरोपातली. ऐकताना मजा येते पण मोरोक्कोतल्या माणसाला हे ऐकताना काय वाटत असेल असा विचार येतो.

मंद्रसप्तक

मुद्दा बरोबर आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. फक्त दुसरी बाजू, लॉथलोरियन. एल्फांच्या राणीचं, गालाड्रिएलचं जंगल, तिथे त्याने सारंगी घेतलीये. आणि सुरावट अरबी हिजाज मकामची (मकाम म्हणजे त्यांचा रागच) आहे, म्हणजे कोमल रे आणि शुद्ध ग. तुमचं नावच आहे म्हणून सांगतो, पेटीवर सा रे॒ ग म प ध॒ नि॒ असं फिरून बघा, बसंत मुखारीजवळ जाल. गालाड्रिएल दुष्ट नाही, सिनेमातली सगळ्यात ज्ञानी बाई आहे.

कोमल_रिषभ

हो, ते बसंत मुखारीसारखं मलाही वाटलं होतं, कोणीतरी म्हटलं म्हणून बरं वाटलं. पण बघा, तिथेही सारंगी म्हणजे "अनोळखी, गूढ, आत गेलं तर परत येऊ की नाही" असंच आहे. हॉबिटांना ती परकी वाटते, प्रेक्षकालाही वाटावी हा हेतू. आपल्या कानाला मात्र तिथे उलटं होतं, सगळे घाबरत जंगलात शिरतात आणि मला घरी आल्यासारखं वाटतं. धून ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून काय आहे त्यावर पण तिचा अर्थ ठरतो, हे शोअरच्या हातात नव्हतंच.

दाया_बाया

कोमल रिषभ यांना अनुमोदन, मलाही लॉथलोरियनमध्ये कधी भीती वाटली नाही!

प्रश्नचिन्ह

बघितला माउंट डूम. आई शेजारी बसली होती, तिने आधीचं काहीच बघितलेलं नाही, तिला तो सीन ठीक वाटला. मला बोलता येईना. म्हणजे कीर्तनवेडी यांचं म्हणणं आमच्या सोफ्यावरच सिद्ध झालं.

अजून एक विचारतो, त्या अंगठीलाच स्वतःची धून आहे का? मला एकदा लहान मुलांचा कोरस ऐकू आला अंगठीवर, चुकून का?

मंद्रसप्तक

चुकून नाही. अंगठीला एकाहून जास्त धुना आहेत. एक तिच्या इतिहासाची, तिन्ही सिनेमांत नावाची पाटी येते तेव्हा व्हायोलिन्सवर वाजते ती, जड आणि उदास, आणि अंगठी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा बहुतेक वेळा ती डोकं वर काढते. दुसरी दुष्टपणाची, राइटावाली. आणि तिसरी तुम्ही ऐकलीत ती, भुलवण्याची, मुलग्यांच्या कोरसवर. अंगठी कोणाला भुलवते तेव्हा ती राक्षसासारखी बोलत नाही, चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांसारखी बोलते. बोरोमिरला ती वाईट वाटतच नाही, त्याला वाटतं याने माझं शहर वाचेल. मोह होतो तेव्हा तो मोह वाटत नाही, हे चार संवाद लिहून जे झालं नसतं ते त्या कोरसने होतं.

बोरोमिरवरून आठवलं, गॉन्डोरची धून पहिल्या सिनेमात रिव्हेंडेल या एल्फांच्या गावातल्या सभेत तो आपल्या शहराबद्दल बोलतो तेव्हा एका हॉर्नवर हळूच येऊन जाते. आपण शहर अजून नीट बघितलेलंच नाही. ते शहर पूर्ण दिसतं तिसऱ्या सिनेमात, गॅन्डाल्फ घोड्यावरून वर वर चढत जातो तेव्हा तीच धून पूर्ण ताकदीने. बोरोमिर तोपर्यंत मेलेला असतो. ज्याने आधी त्या शहराचं नाव घेतलं त्याला ही धून पूर्ण ऐकायला मिळालीच नाही.

पेटीचा_भाता

किती सुंदर लिहिताय सगळे, लेकीला वाचून दाखवतेय एकेक पोस्ट. आता माझा सीन सांगते, खरं तर दोन.

पहिला फेलोशिपच्या धुनेचा. ही त्या नऊ जणांची धून, सगळ्यांना माहीत असलेली. तिची सुरुवात बघा, एक पायरी खाली उतरून परत जागेवर, घरातून निघून परत घरी यावं तशी. फ्रोडो आणि सॅम दोघंच शेतातून निघतात तेव्हा तिचा नुसता वास येतो. माणसं जोडली जातात तशी ती भरत जाते. रिव्हेंडेलमध्ये नऊ पूर्ण झाले, डोंगरातल्या खडकांमधून ते एकामागून एक रांगेत चालत जातात, तिथे ती पूर्ण, सगळ्या ब्रासवर. आणि त्यानंतर किती वेळ टिकते? मोरियात गॅन्डाल्फ पडेपर्यंत. पुढे ती येते ती तुकड्यांत, कधी तिघं धावतायत त्यांच्यासाठी, कधी अर्धवट. लेकीला मी म्हटलं मोजत बस, पूर्ण कधी येते. ती शेवटच्या सिनेमात काळ्या दारापाशी उठून उभी राहिली, अ‍ॅरागॉर्न वळून फ्रोडोचं नाव घेतो आणि एकटा धावत सुटतो तिथे. कोरससकट येते ती. आणि मग लेक म्हणाली, पण आई इथे फ्रोडो कुठाय? तो आणि सॅम तर लांब डोंगरावर आहेत, त्यांना हे ऐकू पण येत नाहीये.

दुसरा सीन. मिनास तिरिथचं, म्हणजे गॉन्डोरच्या त्याच शहराचं, दार शत्रू फोडतायत, पिपिन नावाचा हॉबिट आणि गॅन्डाल्फ एका कोपऱ्यात बसलेत, पिपिन म्हणतो असा शेवट होईल असं वाटलं नव्हतं. गॅन्डाल्फ त्याला मरणाबद्दल सांगतो, पांढरे किनारे, पलीकडे हिरवा प्रदेश, उजाडताना दिसणारा. मागे एक हळू धून आहे, मी वीस वर्षं ती ऐकत आलेय आणि कधी लक्षच दिलं नव्हतं. ती सिनेमाच्या अगदी शेवटच्या गाण्याची चाल आहे, अ‍ॅनी लेनॉक्स गाते त्या इनटू द वेस्टची, ज्या गाण्याला नंतर ऑस्कर मिळालं. म्हणजे गाणं यायच्या खूप आधी तिथे त्याचं बी टाकून ठेवलंय. आणि मध्ये अजून एकदा, सॅम म्हणतो अंगठी मला उचलता येत नसली तरी मी तुला उचलू शकतो आणि फ्रोडोला खांद्यावर घेतो, तिथेही तीच चाल. मग जहाजाचा सीन येतो तेव्हा ती नवीन वाटतच नाही, आपल्याला कोणीतरी आधीच समजावून सांगितलेलं असतं.

माझे वडील मागच्या वर्षी गेले. हॉस्पिटलमध्ये शेवटचे दोन दिवस मी त्यांच्याशी बोलत होते, काय बोलत होते ते आता आठवत नाही, गावच्या विहिरीबद्दल, आंब्याबद्दल असंच काहीतरी. परवा तो पिपिनचा सीन सुरू झाला, लेकीने काही न बोलता आवाज थोडा वाढवला आणि माझ्याजवळ सरकून बसली.

ती आता शेवटच्या गाण्याची चाल पेटीवर काढतेय. पहिली ओळ झालीये, दुसऱ्या ओळीत अडलीये. इथे कोणाकडे स्वरलिपी असेल तर प्लीज द्या.

दाया_बाया

भाता ताई, स्वरलिपी माझ्याकडे नाही पण आमच्या क्लासमध्ये एक व्हायोलिन वाजवणारी आहे, तिला आजच विचारतो. पट्टी कुठली धरलीये लेकीने?

पेटीचा_भाता

काळी एक. तिचा आवाज तिथेच बसतो.